एकदाच विचारणाऱ्या माणसांत

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं. घर माळकरी, वडील पायी वारी करणारे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकभरतीत माझ्या वाट्याला सिंधुदुर्ग आला आणि मालवण तालुक्यात, मसुऱ्याच्या बाजूला, गड नदीपासून जवळच्या एका वाडीत मी खोली घेऊन राहायला लागले. आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर लोक देवाला नारळ फोडतात. इथे तीन हजारांच्या वर पडतो आणि नारळ तर परसातच असतात. माती वेगळी, धान्य वेगळं, हे दिसायला वेळ लागत नाही. माणसं एकमेकांच्या घरी कशी जातात, कशी बसतात, काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, हे कळायला मात्र काही पावसाळे जावे लागले. जे कळलं ते लिहून ठेवते आहे.

१. इथे वाढताना एकदाच विचारतात, आणि तुमचं उत्तर खरं मानतात.

आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की घरातली बाई भाकरी घेऊन उभीच असते. पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, ती हातांच्या फटीतून भाकरी सरकवते, तो ‘बास, बास’ म्हणतो, ती ‘लाजू नगासा’ म्हणते. तिसऱ्या नकारानंतर खरं जेवण सुरू होतं म्हणा ना. दामाजीपंत आमच्या गावचे. दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं त्यांनी भुकेल्या लोकांसाठी उघडून दिली, ही कथा ऐकतच आम्ही मोठे झालो. ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, तिथे समोरच्याचं पोट भरलं आहे यावर सहजी विश्वास ठेवला जात नाही, असं मला वाटतं. आमच्या आग्रहाच्या मुळाशी ती जुनी भीती असावी.

इथे माझ्या घरमालकीण काकींनी पहिल्या जेवणाला विचारलं, “भात व्हयो?” मी सवयीने “नको” म्हणाले. त्यांनी भाताचं भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्यात राग नव्हता, तुटकपणा नव्हता. मी मोठी बाई आहे, माझ्या पोटाचं मला कळतं, एवढंच त्यांनी धरलं होतं. दुसऱ्या खेपेला जेवायला बसले तेव्हा माझ्या पानात सोलकढीची वाटी मोठी होती आणि तळलेल्या सांडग्या मिरचीचा एक तुकडा जास्त होता. मागच्या वेळी मी काय पुसून खाल्लं आणि काय बाजूला सारलं, हे त्यांनी एक अक्षर न बोलता पाहून ठेवलं होतं. आमच्याकडे पाहुण्याचा मान आग्रहात असतो. इथे तो लक्षात ठेवण्यात असतो. हे एकदा कळल्यावर मी या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

२. वाटेवरचा प्रत्येक प्रश्न हा पहारा असतो.

सकाळी शाळेला निघाले की गडग्यापलीकडून आवाज येतो, “खंय चल्लात बाई?” रोजची वेळ, रोजची वाट, हातात रोजचीच पिशवी, तरी प्रश्न रोज असतो. संध्याकाळी परतताना तेच: इतका उशीर का, सोबत कोण होतं, बाजारात काय मिळालं. सुरुवातीला यात चौकशीखोरपणा जाणवायचा. पण या गावाची मांडणीच तशी आहे. मंगळवेढ्याकडे घराला घर लागून, भिंतीला भिंत. चावडीवर, पारावर कोण बसलंय ते येता-जाता दिसतं. इथे एक घर माडांत, दुसरं टेकाडाच्या उतारावर, तिसरं व्हाळापलीकडे. आषाढात झाडोरा इतका माजतो की शेजारचं छप्परही दिसत नाही. वाटेत साप असतो, व्हाळाला अचानक लोंढा येतो, वीज पडते. कोण कुठल्या वाटेने गेलं हे कुणाला तरी ठाऊक असलंच पाहिजे.

एकदा धुवाधार पावसात मी पलीकडच्या वाडीत एका विद्यार्थ्याच्या घरी अडकून पडले. अंधार झाला, फोनला रेंज नाही. तेवढ्यात लांबून कुकारो, म्हणजे लांब सुरातली हाक, ऐकू आला, मग दुसरा, जरा जवळून. मला सकाळपासून ज्यांनी ज्यांनी ‘खंय चल्लात’ विचारलं होतं त्यांची साखळी जोडत काकींचा मुलगा विजेरी घेऊन बरोबर त्या घरापाशी आला होता. आता मी उत्तर नीट देते, कुठे जाते आहे आणि कधी परतेन ते सांगून. आणि अलीकडे मीही विचारू लागले आहे.

३. चढा आवाज हा इथे परकेपणा संपल्याची खूण असतो.

डी.एड.ला मी पुण्यात होते. तिथे लोक फार सौम्य, मोजकं बोलत, आणि त्या बोलण्याआड नेमकं काय आहे ते शेवटपर्यंत कळत नसे. इथे पुष्कळ दिवसांनी घरी गेलं की आधी तासडतात. इतके दिस खंय होतंस, वाट इसारलंस काय, आमी मेलंव म्हणान समाजलंस? हे सगळं पाण्याचा तांब्या पुढे करताना चाललेलं असतं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणलं आणि मालवणी बोलणं घराघरात पोहोचलं. त्यामुळे बाहेरच्यांना ही भाषा ऐकली की हसू येतं. इथे राहिल्यावर तिच्यातली माया जास्त ऐकू येते. काकी मला ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणत होत्या तोवर मी शाळेची शिक्षिका होते. एका दिवाळीत सुट्टीवरून परतायला मी ठरल्यापेक्षा उशीर केला, तेव्हा त्या मला खळ्यात उभं करून ‘तू’ म्हणत ओरडल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून वीजबिलाचे पैसे वेगळे घेणं बंद केलं.

४. मासे न खाणाऱ्या माणसाची समुद्रकाठी आबाळ होईल ही समजूत मी घाट उतरताना सोबत आणली होती.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि इथे जेवणाची पहिली चौकशी माशाची: आज निस्त्याक काय हाडलंस? बांगडा, पेडवे, तारली, कोळंबी यांवर दिवस चांगला की वाईट ते ठरतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हासुद्धा सुकट, गोलमो, सुके बांगडे डब्यांत भरून ठेवलेले असतात. चुलीवर भाजलेल्या बांगड्याचा वास पावसात वाडीभर फिरतो. अशा ठिकाणी माळकरी पाहुणी म्हणजे घरच्या बाईला केवढी अडचण, असं वाटणं साहजिक होतं.

काकींनी विचारलं एवढंच, “वास चलता मा?” मी हो म्हणाले. त्यांनी पोटमाळ्यावरून एक मातीची कुंडली आणि एक लहान तवा काढला, धुतला, माझ्या खोलीच्या बाजूच्या फळीवर ठेवला. तो तवा आजही कुणी माशाला वापरत नाही. त्यानंतर मला कळत गेलं की या किनाऱ्याचं शाकाहारी रांधप किती मोठं आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. ओल्या काजूच्या गरांची उसळ, जिच्यासाठी गर सोलताना चिकाने बोटांची सालं जातात आणि तरी बायका तासन्‌तास सोलत बसतात. कोवळ्या फणसाची भाजी, अळूचं गरगटं, घावणे, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या शिरवाळ्या. कुळथाची पिठी तर मला थेट आमच्या हुलग्याच्या माडग्यापाशी घेऊन गेली. तेच धान्य, घाटावर एका नावाने, घाटाखाली दुसऱ्या.

एक गोष्ट मात्र अजून मनात घर करून आहे. वाडीत एकाकडे कोंबडी-वड्यांचं जेवण होतं. कोंबडीचा रस्सा मोठ्या टोपात रटरटत होता. त्या घरच्या म्हाताऱ्या आजीने माझ्यासाठी वाटपाचा पाटा आधी धुऊन घेतला, पहिला गोळा काळ्या वाटाण्यासाठी वाटला, मग कोंबडीचं वाटप केलं. वडेही माझ्यासाठी आधी तळले, तेल कोरं असताना. क्रम बदलला, बाकी काही नाही. मला पंगतीतून वेगळं बसवलं नाही, ‘आमच्या बाई खात नाहीत’ असं चारचौघांत सांगितलंही नाही. माझा नेम त्यांनी त्यांच्या कामाच्या क्रमात सांभाळला. परक्याच्या श्रद्धेला इतक्या हलक्या हाताने जपलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

५. दुपारी एक ते चार कुणाकडे जाऊ नये.

मालवणची बाजारपेठही त्या वेळेला पेंगते. घराचं दार उघडं असतं, पण माणसं आडवी झालेली असतात. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला दार कुठल्याही वेळी उघडं. इथे दुपार घरच्यांची.

६. अवचित आलेल्याला घरच्याच भांड्यातलं मिळतं.

सोलापूरकडे पाहुणा दिसला की गव्हाचा डबा उघडतो. आपण रोज ज्वारीची भाकरी खाणार, पण पाहुण्याला भाकरी वाढणं म्हणजे कमीपणा. चपाती पाहिजे, शिरा पाहिजे, निदान भजी. मुलांना दारामागून दुकानात पिटाळलं जातं. पाहुणा हे सगळं ओळखून असतो आणि अवघडलेला बसतो.

इथे मी पटनोंदणीसाठी घरोघरी फिरत होते. दहा-साडेदहाची वेळ, म्हणजे पेजेची. शेतातून आलेली माणसं पडवीत बसली होती. मला विचारलं, “पेज जेवतास?” मी हो म्हणाले. उकड्या तांदळाची पेज, वरची निवळ आणि खालची शितं नीट सारखी येतील अशी ढवळून, वाडग्यात आली. बाजूला खारातल्या कैरीची फोड आणि घरच्यांसाठी भाजलेला बांगडा. त्याच टोपातली पेज त्यांना, तीच मला. घरधनीण माझ्यासाठी उठून वेगळं काही करायला गेली नाही, म्हणून मलाही उठायची घाई झाली नाही. त्या घरच्या पोराचा जन्मदाखला कुठे अडकला आहे, वडील मुंबईला कुठल्या कंपनीत आहेत, पोराला वाचायला का जमत नाही, हे सगळं त्या पेजेवर निघालं. चपाती-शिऱ्यावर ते निघालं असतं का, मला शंका आहे.

याचा अर्थ इथे पाहुण्यासाठी काही करत नाहीत असा नव्हे. जावई आला, मुंबईचा चाकरमानी आला की वडे-सागोती ठरलेली. पण ते सांगून आलेल्याचं. दारावरून जाणाऱ्याला घर जसं आहे तसं दाखवण्यात इथे कुणाला संकोच वाटत नाही.

७. तुम्हाला काम सांगितलं गेलं की समजावं, आत घेतलं.

मंगळवेढ्यात पाहुणीने भांड्याला हात लावला तर घरची बाई तिच्या हातातून ते ओढून घेते. लोक काय म्हणतील? इथे तिसऱ्या-चौथ्या भेटीत माझ्यापुढे आडाळो आणि नारळाची कवड आली. “खोव गो जरा.” मला खोवता येत नव्हतं. आडाळ्यावर पाय कसा दाबायचा, कवड कशी फिरवायची म्हणजे करवंटीची काळी पूड खोबऱ्यात पडत नाही, हे मला एका नववीतल्या मुलीने शिकवलं. खोबरं खोवता-खोवता बायका जे बोलतात ते पडवीतल्या खुर्चीवर बसून कधीच ऐकू आलं नसतं.

समुद्रावर हेच मोठ्या प्रमाणात पाहिलं. आचरा-तोंडवळीच्या बाजूला अजून रापण ओढतात. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत आणतात. तासाभराहून जास्त वेळाचं, कंबर मोडणारं काम. शाळेची सहल घेऊन गेलो होतो. पोरं बघत उभी होती, तर एका रापणकराने ओरडून सांगितलं, बघतास काय, दोराक हात लावा. पोरांनी लावला, मीही लावला. जाळं वाळूवर आलं, मासळी निवडली गेली आणि वाटे पडू लागले. रापण संघातल्यांचे वाटे ठरलेले असतात. पण दोराला हात लावणारा रिकाम्या हाताने जात नाही, ही जुनी रीत. पोरांच्या पिशवीत पेडव्यांची ओंजळ पडली. मी खात नाही हे समजल्यावर त्या माणसाने क्षणभर विचार केला आणि होडीत स्वतःसाठी ठेवलेलं शहाळं फोडून मला दिलं. माझ्या श्रमाचा वाटा त्याला बुडवायचा नव्हता. पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडीच्या झगझगाटात चालणाऱ्या मासेमारीने आमच्या दोराला येणारी मासळी आटली, असं ही माणसं कळवळून सांगतात. जाळ्यात येणार किती यावर वाटा ठरतो. आलंच नाही तर देणार काय, हा त्यांचा प्रश्न मला केवळ पोटाचा वाटत नाही.

८. गाऱ्हाण्यात आपलं नाव येणं हा मी अनुभवलेला सगळ्यात मोठा पाहुणचार.

कुठलंही काम सुरू करताना इथे गाऱ्हाणं घालतात. देवासमोर पान-सुपारी आणि नारळ ठेवून जाणता माणूस मोठ्या आवाजात देवाला सगळी हकीकत सांगतो, आणि प्रत्येक वाक्याअखेर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमची देवाशी बोलायची रीत अभंगाची. त्यात मी, विठ्ठल आणि फार तर टाळ. इथे अख्खा गाव एका माणसाच्या तोंडून देवाकडे तक्रार करतो, मागणं मागतो, कधी दटावतोही.

शाळेच्या नव्या खोलीचं काम सुरू होणार होतं. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं होतं. मी मागे खांबाला टेकून उभी होते. पाऊस वेळेवर पडू दे, पोरांना बुद्धी दे, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, असं चालता-चालता गाऱ्हाणं घालणारे गावकर थांबले, वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “घाटावरसून आमच्या पोरांक शिकवूक इलेल्या ह्या लेकराक बऱ्यान ठेव रे म्हाराजा.” देवळातून एकच आवाज उठला, “व्हय म्हाराजा!” त्यात माझे विद्यार्थी होते, त्यांचे आजे होते, माझ्याशी फारसं न बोलणारा किराणा दुकानदार होता. माझ्यासाठी याआधी एवढ्या माणसांनी एकाच वेळी काही मागितलं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून बदलीच्या अर्जात मी सोलापूरचं नाव लिहिताना थांबते.

९. प्रत्येक घर पाहुण्याला एका ठरावीक उंबऱ्यापर्यंतच नेतं, आणि तो उंबरा कुणासाठी कुठे हे आधीच ठरलेलं असतं.

हे लिहिल्याशिवाय वरचं सगळं लिहिण्याचा मला हक्क नाही. इथल्या घराची रचना बोलकी आहे: आधी खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, त्यामागे चूल. मी शिक्षिका म्हणून बहुतेक घरांत माजघरापर्यंत पोहोचले. एके दिवशी एका घरी मी पडवीत खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्याकडे मजुरीला आलेली एक वयस्क बाई खळ्यातच टेकली होती. चहा दोघींना आला. माझा कपबशीत, तिचा स्टीलच्या पेल्यात. पिऊन झाल्यावर तिने पेला स्वतःच विसळला आणि भिंतीच्या कोनाड्यात पालथा घातला. ती जागा तिला ठाऊक होती. तिची नात माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते.

हे मी मंगळवेढ्यातही पाहिलं आहे, लहानपणापासून. चोखोबा आमच्या गावचे. गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. आयुष्यभर ज्या देवाच्या दारात उभे राहिले त्याच्या उंबऱ्याबाहेर. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले ते साने गुरुजी, कोकणातल्या पालगडचे. आणि याच मुलखात, ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैलासफाईचं काम आपल्याला करू द्यावं यासाठी त्यांनी अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. घाटावरचं दार उघडायला साने गुरुजींसारखा कोकणातला माणूस आला. पण घरातले कोनाडे कुणी बाहेरून येऊन रिकामे करू शकत नाही.

शाळेत पोषण आहाराला मुलं एका ओळीत बसतात, वाढपी आळीपाळीने सगळे होतात. पालकसभेचा चहा मी माझ्या खोलीत ठेवते, सगळ्यांना सारखे कप. पहिल्या वेळी दोघीजणी दाराबाहेर उभ्या राहिल्या. आता एकच राहते. तिला मी आत ओढत नाही. चहा घेऊन मीही दारात बसते.

१०. गणपतीत थोडं-थोडं खायला शिकावं.

चाकरमानी आलेले असतात, बंद घरांची कुलपं निघालेली असतात आणि वाडीचं भजन घरोघरी फिरतं. प्रत्येक घरी बारी झाली की खाणं: उसळ, करंज्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, चहा. एखादं घर वगळणं हा त्या घराचा अपमान. म्हणून जाणती माणसं कुठेही पोटभर खात नाहीत. पखवाज वाजवणारे एक काका मला म्हणाले, पहिल्या घराक जेवलंस तर शेवटच्या घराक काय देतलंस? हा विचार मला नवा होता. आमच्याकडे यजमान देतो आणि पाहुणा घेतो. इथे पाहुण्यानेही शेवटच्या घरासाठी आपली भूक राखून ठेवायची असते.

११. सगळ्यात मोठी पंगत अबोल हातांची असते.

मसुऱ्यातल्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. तिची तिथी ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, मग मुंबईपासून गोव्यापर्यंत निरोप जातात आणि एवढ्याशा वाडीत लाखो माणसं येतात. जत्रेच्या दिवशी आंगणे कुटुंबांतल्या बायका देवीचा प्रसाद रांधतात तो मौन पाळून. मी एकदा तिथल्या ओळखीच्या घरी होते. चुलींचा धूर, भाताचे टोप, वड्यांचं पीठ मळणारे हात, आणि कुणाच्याही तोंडून शब्द नाही. मीठ हवं तर बोट दाखवायचं. एरवी एकमेकींना गडग्यावरून हाका मारणाऱ्या याच बायका. रात्री देवीला ताटं लागली, आणि मग त्या घरात जो येईल त्याला प्रसाद मिळत गेला. कुणी कुणाला नाव, गाव विचारत नव्हतं. रोज वाटेवर माझी इतकी चौकशी करणारा हा मुलूख त्या रात्री काहीच विचारत नाही.

१२. पैसे घेऊन पाहुणचार करणं इथल्या बायकांना सगळ्यात जड गेलं आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे सरळ धावू लागली. तारकर्ली, देवबागला आता घराघरात न्याहारी-निवासाच्या पाट्या आहेत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई तिकडे खोल्या चालवते. तिच्याकडे उतरलेले काही लोक जेवण उत्तम म्हणतात, पण ‘आग्रह नाही, गोड बोलणं नाही’ अशी तक्रार करतात. तिने मला सांगितलं, “पैशे घेऊन आग्रह कसो करू? बिल वाढवूक करतंय असा वाटात.” मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. तिच्या घरी उतरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीचं पान जरा निरखून पाहावं, एवढीच माझी त्यांना विनंती आहे. काल ज्याने सुरमईचा दुसरा तुकडा घेतला त्याला आज न मागता दोन मिळतात, आणि तो दुसरा तुकडा बिलात नसतो. किनाऱ्यावर मोठी हॉटेलं येतील, येत आहेत. तिथे हसून स्वागत होईल. कुणाला काय आवडलं हे ध्यानात ठेवणारी बाई त्या पगारावर मिळेल की नाही, याची मला काळजी वाटते.

१३. दोन्ही रीती एका पानावर बसू शकतात.

आई मला भेटायला आली तेव्हा तिने काकींना जेवायला बोलावलं. शेंगाची पोळी, धपाटे, मालदांडी ज्वारीच्या भाकरी. काकींनी पोट भरल्यावर सांगितलं, “पुरे.” आईने पोळी टाकली. काकींनी पुन्हा सांगितलं, आईने पुन्हा टाकली. काकी माझ्याकडे पाहत होत्या. मी मध्ये पडले नाही. त्यांनी ती सगळी पोळी खाल्ली आणि हात धुताना मला हळूच म्हणाल्या, “तुझी आवस कोणाक उपाशी ठेवची नाय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला पेजेला बोलावलं, एकदाच विचारलं, आणि आईने पहिल्याच वेळी “घालाच थोडी” म्हटलं.

आता येत्या कार्तिकीला काकी पंढरपूरला येणार आहेत, मुक्काम मंगळवेढ्याला आमच्याकडे. आईचा परवा फोन आला. तिला भात लागतो ना, आपल्याकडचा पांढरा तांदूळ तिला चालेल का, की उकडाच पाहिजे? आणि माशाशिवाय चार दिवस तिचं कसं होणार? माशाचं काही करता येणार नाही, ते काकींनाही माहीत आहे. त्यांनी परस्पर सांगितलं की पंढरीच्या वाटेवर त्या खातच नाहीत. उकडे तांदूळ आणि सोलं मी इथून पाठवते आहे. पेज कशी शिजवायची, शितं किती मऊ ठेवायची, ते आईने वहीत लिहून घेतलं आहे.